आतून येणाऱ्यांसाठी नियम

५ तारीख, सोमवार

सकाळी एक फोन आला आणि तेव्हापासून कशात लक्ष नाही.

आम्ही म्हणजे दादा, मी आणि खांबकाका. एका मोठ्या कंपनीकडून इंटरनेट घाऊक घेतो आणि गावात किरकोळ विकतो. दूधवाल्यासारखं, फक्त आमचं दूध तारेतून जातं. ऑफिस तळमजल्यावर, घर वर. जिना उतरला की नोकरी सुरू, चढला तरी चालूच. फोन त्या मोठ्या कंपनीच्या इंजिनियरचा होता.

"मॅडम, तुमच्याकडून कचरा येतोय."

"कसला कचरा?"

"तुमच्या गिऱ्हाइकांचे राउटर कुणीतरी ताब्यात घेतलेत. शेकड्याने. सगळे मिळून एका बँकेच्या साइटवर तुटून पडलेत. तुमची फायरवॉल कुठली आहे?"

फायरवॉल म्हणजे आत-बाहेर कोण जातंय ते तपासून अडवणारी भिंत. मी कोपऱ्यातल्या मशीनकडे बघितलं.

"मॅडम? फायरवॉल?"

"बघते आणि सांगते."

"म्हणजे नाहीच आहे." त्याने फोनवर एवढा मोठा उसासा टाकला की मला वारा लागला. "आठवडाभरात बसवा. नाहीतर तुमची लाइन कापायची ऑर्डर आहे मला."

दादाला सांगितलं. तो हसला. याबाबतीत त्याची एक थिअरी आहे, ती मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. "आपण रस्ता आहोत गं. कोण चाललंय, कुठे चाललंय, हे रस्ता विचारतो का? ज्याने त्याने आपापल्या दाराला कुलूप लावावं."

"दादा, कुलूपं आपणच लावून दिलीत. चौदाशे घरांना एकच किल्ली."

खांबकाका तिथेच केबल गुंडाळत होते. आमचे लाइनमन. जन्मभर खांबावर, म्हणून खांबकाका. प्रत्येक घरात राउटर बसवताना ते एकच पासवर्ड घालतात, आणि राउटरच्या आत शिरायचं पान बाहेरून उघडं ठेवतात. अख्ख्या जगाला उघडं.

"अगं, गिऱ्हाईक बोंबलतं, नेट गेलं. मी खांबावर. तिथूनच मोबाइलवर त्याचा राउटर उघडतो, दोन बटणं दाबतो, मिटलं. घरोघरचे जिने चढायला गुडघे तू देणार का?"

"काका, तुम्ही उघडता तसं कुणीही उघडतं."

"आपल्या गिऱ्हाइकांच्या राउटरचं कुणाला काय पडलंय?"

आता कळलं कुणाला पडलंय.

६ तारीख, मंगळवार

दादा ऐकत नाही. "घाबरवून विकायचा धंदा आहे तो." दादाने पहिली केबल स्वतःच्या खांद्यावरून ओढली होती, तेव्हा मी दहावीत होते. माझं कॉलेज त्याच केबलवर झालं. त्यामुळे त्याच्याशी भांडताना माझा आवाज आपोआप एक पट्टी खाली जातो.

दुपारी वहिनी खाली आली. तक्रारींचा फोन तीच घेते. आमच्या कंपनीत माणसांना शांत करता येणारी तेवढी एकच. ("राउटर बंद करा. चहा प्या. चालू करा. नाही झालं तर मला शिव्या द्या, पण चहा पिऊन.") मला ती वन्सं म्हणते. चेष्टेत. अगदी जुन्या काळातल्या सुनेसारखा मान खाली घालून म्हणते, आणि मग स्वतःच फिस्सकन हसते.

"वन्सं, एक प्रिंट काढून देता का? तुमच्या बंधुराजांना लगेच कळवायची गरज नाही."

तिचं लॅब टेक्निशियनचं सर्टिफिकेट. लग्नाआधी ती रक्त तपासायची. बाहेरगावच्या एका हॉस्पिटलात जागा निघाली आहे. अर्ज करायचाय म्हणाली. दादाचं म्हणणं मला पाठ आहे: घरात काय कमी आहे? आणि खरंच, कमी काही नाही. मला या भानगडीत पडायचं नाही. प्रिंट काढून दिली.

८ तारीख, गुरुवार

आज लाइन कापली. इशारा म्हणून, थोडाच वेळ. पण त्या थोड्या वेळात अख्खं गाव दारात. डॉक्टर ओरडतायत, रिपोर्ट अडकलेत. एक मास्तर ओरडतायत, परीक्षा अडकली. एक आजोबा ओरडत नव्हते, नुसते येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी वाट बघतो." ते सगळ्यात भारी पडलं.

दादाचा चेहरा पांढरा. दादाला मी असं कधी बघितलं नव्हतं. त्याला ओरडणारी माणसं चालतात, हातातून सुटलेली गोष्ट चालत नाही.

"घे बाई तुझी भिंत," म्हणाला.

१० तारीख, शनिवार

झालं. झालं झालं झालं.

दोन दिवस मी आणि खांबकाका. मी फायरवॉल बसवली, ते बसून मला शिव्या घालत राहिले. नियम लिहायला मजा येते. देवासारखं वाटतं, फक्त देवाला टायपिंगच्या चुका होत नसाव्यात. बाहेरून कुणी आमच्या गिऱ्हाइकाच्या राउटरच्या दाराशी आलं तर: नकार. आमच्या ऑफिसातून कुणी गेलं तर: परवानगी. काकांच्या गुडघ्यांसाठी तेवढं दार ठेवलं. मग एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो ऑफिसातून एकेका राउटरमध्ये शिरला, पासवर्ड बदलला, पुढच्यात गेला. चौदाशे घरं, आम्ही जेवून येईपर्यंत संपली.

काका बघतच राहिले. "म्हणजे तू इथे बसून कुणाच्याही घरात शिरू शकतेस?"

"घरात नाही काका. राउटरमध्ये."

"तेच ते."

इंजिनियरचा फोन: कचरा थांबलाय, अभिनंदन. दादाने माझ्या डोक्यावर टपली मारली. "आमचं कार्टं हुशार निघालं." मी अजून त्या टपलीवर तरंगतेय.

१२ तारीख, सोमवार

आज गंमत झाली. दादा चहा घेऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला. फायरवॉलच्या स्क्रीनवर ओळी सरकत असतात, तिकडे बघत.

"हे काय पळतंय?"

"कुठल्या कनेक्शनवरून कोण कुठल्या साइटवर गेलं."

"सगळं दिसतं?"

"साइटचं नाव दिसतं. आत काय केलं ते नाही."

"आपल्या घरचं पण?"

"घरचं तर फोनवार दिसतं. घरचा राउटर मी तसा लावलाय."

"दाखव की."

दाखवलं. माझा फोन: केस गळतीवर उपाय, केस गळतीची कारणं, केस गळती आणि स्वभाव. दादा इतका हसला की चहा सांडला. मग वहिनीचा. तिच्या फोनचं नाव 'लॅबवाली' आहे, तिनेच ठेवलंय. हॉस्पिटलची साइट. पुन्हा हॉस्पिटल. नोकरी करणाऱ्या बायकांचं कुठलंतरी वसतिगृह. बायकांना कायद्याचा सल्ला देणारी एक संस्था.

दादा हसायचा थांबला. कप टेबलावर ठेवला, अगदी हळू.

"हे मला रोज संध्याकाळी काढून देत जा. घरचं तेवढं."

"कशाला?"

"सुरक्षेसाठी."

सुरक्षेसाठी! आठवड्यापूर्वी रस्ता होता हा माणूस! मला मनातून एवढं बरं वाटलं. शेवटी त्याला पटलं तर खरं.

१४ तारीख, बुधवार

दादा म्हणतो, नोकरीच्या नावाखाली लुबाडणाऱ्या साइटींचा सुळसुळाट झालाय. तुझी वहिनी भोळी आहे. त्या हॉस्पिटलची आणि बाकीच्या दोन्ही साइट घरापुरत्या बंद कर.

मी हॉस्पिटलची साइट उघडून बघितली. खरी वाटत होती. पण खोट्या साइट खऱ्यासारख्याच दिसतात, तोच तर त्यांचा धंदा. बंद केल्या. नियमासमोर कारण लिहायची जागा असते. लिहिलं: संशयास्पद.

दुपारी वहिनी.

"माझा फॉर्म जात नाहीये गं. कालपर्यंत अर्धा भरला होता. आता पानच उघडत नाही."

"ती साइट धोक्याची असू शकते, वहिनी."

"कोण म्हणालं?"

"फायरवॉल."

"फायरवॉल म्हणजे तू की तुझा दादा?"

मी हसले. तीही हसली, पण जरा उशिरा.

१५ तारीख, गुरुवार

वहिनीच्या फोनचं सिम बंद पडलंय. सिम दादाच्या नावावर आहे. तो म्हणाला, कंपनीत काहीतरी घोळ झालाय, बघतो. तोपर्यंत घरचं वायफाय आहेच की. बरोबर आहे, आहेच.

वहिनी खांबकाकांच्या घरी गेली होती. काकी कपडे शिवतात. या आठवड्यात तिची ही तिसरी फेरी. एवढे कपडे कशाला शिवते कोण जाणे. आली तेव्हा हातात पिशवी नव्हती. विचारलं तर म्हणाली, "मापात गडबड झाली."

काका आज मला म्हणाले, "तुझ्या त्या भिंतीला खिडक्या फार आहेत." मी म्हटलं, काका, तुम्हाला फायरवॉल कळत नाही. "नाही कळत," म्हणाले, आणि निघून गेले. एरवी तासभर भांडले असते.

१९ तारीख, सोमवार

जेवताना.

दादा आमटी वाढून घेत, एकदम गप्पांच्या सुरात: "त्या वसतिगृहात एका खोलीत तिघी असतात म्हणे. जमेल का तुला?"

वहिनीचा हात ताटात तसाच राहिला.

तिने त्याला काही सांगितलं नव्हतं. त्याने तिला काही विचारलं नव्हतं. तिने दादाकडे बघितलंच नाही, तिने माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायले. पेला रिकामा होता तरी प्यायले.

नंतर भांडी घासताना मी तिच्या शेजारी उभी राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की दादाला काळजी वाटते.

"भिंत चोरांसाठी बांधली होती ना, वन्सं?"

या वेळी ती हसली नाही. वन्सं हा शब्द इतका लांबचा वाटू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"तुला कुणी चोर म्हटलंय का?"

"मग मी काय चोरलं तेवढं सांग. परत ठेवते."

तिने माझ्या हातातलं ताट घेतलं आणि पुन्हा घासलं. मी नीट घासलं नव्हतं म्हणे.

मी स्वतःला बजावतेय की मी फक्त यादी काढून दिली. कुणीतरी काढलीच असती. नाही. कुणी नसती काढली. दुसऱ्या कुणाला काढताच येत नाही.

२० तारीख, मंगळवार

दादा ऑफिसात आला, शटर अर्धं खाली ओढलं.

"तिचा फोन पूर्ण बंद कर. घरच्या वायफायवर."

"पूर्ण?"

"थोडे दिवस. डोकं शांत होईल तिचं. बाहेरची माणसं तिच्या कानाला लागलीत. तू लहान आहेस, तुला यातलं कळत नाही."

"दादा, पण तू तिच्याशी बोलून का नाही—"

"मी तुझ्या कॉलेजबद्दल कधी कुणाशी बोलत बसलो होतो? केलं ना सरळ? तसं तू कर."

केलं. लॅबवाली: सगळ्याला नकार. कारणाच्या जागी कर्सर लुकलुकत राहिला. मी ती जागा रिकामी सोडली. फायरवॉलला चालतं, ती कारण मागत नाही.

दादा वाईट नाही. हे मी इथे लिहून ठेवतेय, कारण आज मला ते लिहावंसं वाटलं.

२१ तारीख, बुधवार

वहिनी सकाळपासून वरच्या खोलीत. दोनदा हाक मारली, "आहे" म्हणाली. तक्रारींचे फोन मीच घेतले आणि तीन माणसांशी भांडले. दुपारी तिचं जेवण घेऊन गेले तर खोलीची कडी बाहेरून लागलेली. मी उघडली. ती खिडकीपाशी खुर्चीत, केस विंचरून, चपला घालून बसली होती. घरात चपला.

"कडी कुणी लावली?"

"विचार तुझ्या दादाला. काय म्हणतो ते बघ."

खाली येऊन दादाला विचारलं. "वाऱ्याने लागली असेल," म्हणाला, मोबाइलमधून मान वर न करता.

मी पुन्हा वर गेले. कडी हाताने हलवून बघितली. गंजलेली आहे. माझ्या हाताने सरकायलाही जोर लागतो.

२२ तारीख, गुरुवार

वहिनी गेली.

दादा कुणाचं तरी कनेक्शन बघायला बाहेर पडला, कडी आज लावलेली नव्हती, आणि ती जिना उतरून आली. खांद्याला पिशवी. एकच.

"निघते."

"कुठे?"

"हॉस्पिटलवाल्यांनी उद्या अकराला व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलंय. फॉर्म मी दुसरीकडून भरला. ती जागा मिळाली तर राहायला खोली देतात. नाही मिळाली तर मला परत याच जिन्याने वर यावं लागेल, हे तुझ्या दादालाही माहीत आहे."

"मला का सांगतेस?"

"तू तसंही शोधून काढशीलच. म्हटलं, माझ्या तोंडून कळलेलं बरं."

मी दारातून बाजूला झाले. एवढंच केलं. बाजूला झाले, हे काही करणं आहे का?

दादा आला, वर गेला, खाली आला. तिच्या माहेरी फोन, तिच्या मैत्रिणीला फोन. कुठे नाही. मला विचारलं, तुला काही बोलली? मी म्हणाले, माझ्याशी ती बोलते कुठे हल्ली. हे खरं होतं. मुलाखतीबद्दल त्याने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. असं मी मनात मांडून ठेवलंय, व्यवस्थित, कुणी बघायला आलं तर दाखवता येईल असं.

२३ तारीख, शुक्रवार

हे दुपारी लिहितेय. ऑफिसात एकटी. जे झालं ते झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मी त्याला काहीतरी छान रूप देईन.

सकाळी खाली आले तर दादा माझ्या खुर्चीच्या शेजारी स्टूल टाकून बसलेला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. माझा दादा. मला रडू येणार होतं. खांबकाका दाराशी, हेल्मेट हातात घेऊन उभे. त्यांना बोलावून घेतलं होतं.

"तिच्या फोनला सिम नाही," दादा म्हणाला. "म्हणजे ती कुणाच्यातरी वायफायवर असणार. या गावात वायफाय कुणाचं आहे?"

"आपलं."

"चौदाशे घरं. मागे पासवर्ड बदलायला शिरली होतीस ना सगळ्यांच्या राउटरमध्ये? तशी शीर. प्रत्येकाला कुठले फोन जोडलेत ते दिसतं ना आत?"

दिसतं. फोनांची नावं दिसतात.

"ज्या घरात लॅबवाली दिसेल ते घर मला सांग. मला फक्त बोलायचंय तिच्याशी."

काका म्हणाले, "साहेब, लोकांच्या राउटरमध्ये असं—"

"तुम्ही इतकी वर्षं खांबावरून काय करत होतात?"

मी तोच प्रोग्राम उघडला. पासवर्डची ओळ काढली, नावं आणायची ओळ घातली. बोटं आपोआप चालत होती, याची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते. काम अवघड नव्हतं. मला येत होतं. येणारं काम करताना हात विचारत नाहीत.

अकरा वाजून गेले होते. मला माहीत होतं. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, असं मला वाटत होतं.

सुरू केलं. ओळी पळायला लागल्या. घरामागून घर. 'पप्पांचा फोन'. 'हात लावू नये'. 'बाळाचा कॅमेरा'. 'मोठी सून', तिच्याखाली 'धाकटी सून'. 'नवीन फोन', पुढच्या घरात 'नवीन फोन जुना'. सगळं गाव आपापल्या घरात बसलं होतं आणि आम्ही तिघं प्रत्येकाच्या दाराला डोळा लावून उभे होतो. दादा आधी नावं वाचत होता, मग त्याला सुचेना, तो उठून खिडकीपाशी गेला आणि कुणालातरी फोन लावला. "गाडी तयार ठेव," म्हणाला. बोलायला जायचंय तर गाडी कशाला?

आणि तेव्हाच ती ओळ आली.

लॅबवाली.

शेजारी घर कुणाचं ते लिहिलेलं असतं. कर्मचारी कनेक्शन, फुकट. दोन गल्ल्या सोडून. खांबकाकांचं घर.

मी काकांकडे बघितलं. ते स्क्रीनकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, कधीपासून कोण जाणे.

त्या ओळीत आकडेही होते. जाणारा डेटा, येणारा डेटा, दोन्ही सारखे, संथ, न थांबता. व्हिडिओ कॉलच असा दिसतो. म्हणजे ती या क्षणी काकींच्या शिलाई मशीनच्या खोलीत कुठेतरी बसून सांगत होती की रक्त कसं काढायचं, नमुना कसा ठेवायचा, तिने किती काम केलंय आणि मधे का थांबली. दादाला तिथे पोचायला चालत पाच मिनिटं.

दादा खिडकीपाशी अजून फोनवर होता.

मी प्रोग्राम थांबवला. स्क्रीनवरच्या ओळी पुसल्या. मग प्रोग्राममधली एकच ओळ बदलली. प्रत्येक राउटरमध्ये लांबून आत यायची एक सोय असते, त्याच सोयीने आम्ही आत होतो. ती बंद कर, असा हुकूम. आमच्यासाठीसुद्धा. एकदा ती बंद झाली की जगात कुठूनही उघडत नाही, त्या घरात जाऊन, राउटरला तार लावूनच उघडावी लागते. पहिलं घर काकांचं लिहिलं. मग बाकी सगळी.

मनात आलं, यात तिचा कॉल तुटला तर? राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला तर? राउटरच्या माहितीपुस्तकात लिहिलंय की होत नाही. मी डोळे मिटले आणि बटण दाबलं. पुस्तक खरं असू दे, एवढंच.

पुन्हा ओळी पळायला लागल्या. बंद. बंद. बंद. बंद.

फायरवॉलमधली घरची यादी पण पुसली आणि नोंद ठेवणंच थांबवलं. तोवर दादा मागे आला होता.

"सापडलं?"

"दादा, गडबड झाली."

"कसली?"

"चुकीची ओळ चालली. सगळ्या राउटरनी आपल्याला बाहेर काढलं. आता इथून एकाही घरात जाता येत नाही."

त्याने स्क्रीनकडे बघितलं. प्रत्येक ओळीत तेच, उत्तर नाही, उत्तर नाही. त्याने माझ्या हातून माउस घेतला, दोन ठिकाणी टिचक्या मारल्या, मग टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की काकांच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं.

"मग आता?"

"प्रत्येक घरी जाऊन हाताने चालू करावं लागेल. आणि जाऊन बघायचंच असेल तर तिथेच दिसेल कुठले फोन आहेत ते."

"चल," दादा काकांना म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "कुठून सुरुवात करू?"

आयुष्यात पहिल्यांदा दादा मला रस्ता विचारत होता.

"नदीपलीकडून," मी म्हणाले. "थांबायच्या आधी तिकडची नावं येत होती. तिकडेच कुठेतरी असेल."

काकांनी हेल्मेट उचललं. धूळ झटकली. घातलं, पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. दादा ओरडला तेव्हा कुठे बाहेर पडले. जाताना माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्यांनी नुसता हात टेकवला, एक क्षण, तोल सावरायला टेकवतात तसा.

आता मला काहीच दिसत नाहीये. ती अजून बोलतेय की संपलं. नीट झालं की नाही. नेट मधेच गेलं का. गेलं असेल तर तक्रार घ्यायला फोनवर तीच नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

काकी आल्या. काकांसाठी औषध ठेवायचंय म्हणाल्या. काका अजून दादाबरोबरच होते. औषध नव्हतंच त्यांच्या हातात. जाता जाता म्हणाल्या, "कपडे झाले हं तुझ्या वहिनीचे. नीट बसले अंगाला. घेऊन गेली ती, दुपारच्या बसने."

मी विचारलं, "माप?"

"बरोबर आलं."

काकी गेल्यावर मी स्टोअरच्या खोलीत जाऊन केबलच्या बंडलांमध्ये बसले आणि भरपूर रडले. आनंद होता की भीती, माहीत नाही.

दादा अंधार पडता पडता आला. बूट चिखलाने भरलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. नदीपलीकडची सगळी घरं त्याने पालथी घातली होती. मी पाणी दिलं. तो स्टुलावर बसला.

"लोक घरात घेत नाहीत गं," म्हणाला. "दारातूनच विचारतात, नेट तर चाललंय आमचं, तुम्हाला राउटर कशाला बघायचाय? एक म्हातारा तर म्हणाला, पोलिसांना बोलावतो. आपलं गिऱ्हाईक. मी केबल टाकली त्याच्याकडे."

त्याने पाणी संपवलं. पेला हातात तसाच धरून तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही करण्याआधी बघायचा तसा, एकेका ओळीवरून.

"तू अशी चूक करत नाहीस कधी."

वर जिन्यात दिवा लागलेला नव्हता. रोज वहिनी लावायची.

"केली," मी म्हणाले.

तो उठला, पेला माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला आणि म्हणाला, "फायरवॉलचा पासवर्ड मला लिहून दे."

"नाही, दादा."

आवाज खाली गेला नाही. मी ऐकला तो. माझाच होता.